आत्याबाई पाठराखणीला बसल्या तो दिवस

या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचते आणि खरं सांगू का... निम्मे वाचून हसते. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या मागे पैंजण वाजतात. मी जन्मभर शाळेत शिकवलेली बाई, त्यातून ख्रिस्ती. आमच्यात भुताला भ्यायचं म्हणजे देवावर भरवसा नाही असा अर्थ होतो. मी तर त्याही पुढची. पाळकांनी प्रवचनात चमत्कार सांगितला तरी मी मनात म्हणायची, "असेल बाबा त्या काळी!"

तेव्हा भुताची गोष्ट माझ्याकडून मिळणार नाही. मी सांगणार आहे ती माराची गोष्ट आहे. भरदिवसा, माणसांच्या डोळ्यांदेखत, देवळात पडलेल्या माराची — आणि मारणारा देवळात नव्हताच.

गोष्ट बारामतीची, १९३० नंतरच्या दोन-चार वर्षांतली. कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला होता, गुळाचा बाजार जोरात होता आणि दौंडहून छोटी गाडी धापा टाकत यायची. आमचं देऊळ म्हणजे चर्च — आम्ही देऊळच म्हणतो — कौलारू, बाहेर ओटा आणि समोर लिंबाचं झाड. मंडळी गरीब. बहुतेक सगळी गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेली.

या मंडळीची एक जुनी रीत होती. ज्वारीची खळी उरकली की सात-आठ माणसं आठवडाभर फेरीला निघायची. पगारी कुणी नाही. सुतार, मास्तर, रेल्वेतला सांधेवाला, ज्याला जमेल तो आपलं काम बाजूला ठेवून जायचा. बैलगाडीत तंबू, मृदंग, पेटी, क्विनीनच्या गोळ्या. एखाद्या वस्तीवर उतरायचं, पोरांची खरूज धुवायची, कुठे विहिरीचा काठ बांधायचा, कुठे शाळेवर छप्पर घालायचं, आणि संध्याकाळी भजन.

फेरीत मार पडायचा, ते काही नवीन नव्हतं. म्हणून नियम होता, हात उचलायचा नाही. दगड आले की आहे तिथे खाली बसायचं. पळणाऱ्याच्या मागे जमाव लागतो, बसलेल्याला मारायची माणसाला लाज वाटते, असं जुनी माणसं सांगायची. दर वेळी वाटतेच असं नाही.

आणि मागे राहणाऱ्यांची पाठराखण असायची. फेरीला गेलेल्या प्रत्येकाच्या नावानं एकेक जण देवळात चटईवर बसायचा, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, उपाशी, त्या एकाच माणसासाठी प्रार्थना करत. यात अट एकच — आपल्या घरच्या माणसासाठी बसायचं नाही. बायकोनं नवऱ्यासाठी नाही, आईनं लेकासाठी तर मुळीच नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा पाळकसाहेबांना विचारलं होतं, असं का म्हणून. ते म्हणाले, "दुसऱ्यासाठी माणूस मागणं मागतो, बाई. आपल्या माणसासाठी तो सौदा करायला लागतो."

मला ते वाक्य फार आवडलं होतं. फळ्यावर लिहावं असं.

आमच्या ह्यांचं नाव दाविद. आयुष्यात मी त्यांचं नाव घेतलं नाही, पण इथे 'हे' आणि 'ह्यांना' करत बसले तर तुमचा गोंधळ होईल, म्हणून लिहिते. दाविद सुतार होते. सरळ स्वभाव, लाकडासारखा — वाकवायला गेलं की मोडेल. त्यांची आई म्हणजे माझी सासू, सगुणाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. लोक म्हणतात, फणस वरून काटेरी आणि आतून गोड. आत्याबाई आतूनही थोड्या काटेरीच होत्या. माझ्या चहावरून आमचं रोज सकाळी वाजायचं. "साखर काय दुकानात संपली का गं?" हा त्यांचा दिवसातला पहिला शब्द. पण लेक म्हणजे त्यांचा जीव. चार लेकरं गेल्यावर राहिलेला तो एकटा.

त्या वर्षी फेरी इंदापूरच्या पलीकडे एका वस्तीवर जायची होती. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली नातवंडं आज माझ्या ओळखीची आहेत. वस्तीतल्या पोरांसाठी शाळा सुरू झाली होती, तिच्यावर छप्पर घालायचं होतं. तिथल्या एका मोठ्या बागाईतदाराचं गुऱ्हाळ होतं आणि पहाटेपासून चरकापाशी राबायला त्याला हीच पोरं लागायची. शाळा त्याच्या डोळ्यात खुपत होती. त्यानं निरोप पाठवला होता, "छपरावर चढणारा खाली धड उतरणार न्हाय."

छपरावर चढणारा म्हणजे सुतार. म्हणजे आमचे दाविद.

मी दोन दिवस रडले, भांडले. आत्याबाई माझ्या बाजूनं होत्या. आमचं एकमत झालेला तो पहिलाच विषय. दाविद म्हणाले, "शब्द दिलाय. पोरं उन्हात बसत्यात." आणि गेले.

त्यांच्या पाठराखणीला कोऱ्हाळ्याच्या बायजाबाई नेमल्या होत्या, भल्या विधवा बाई. मी बसले होते याकोब मृदंगवाल्यासाठी. आत्याबाईंना कुणी नेमलं नव्हतं, पण त्या रोज देवळात येऊन भिंतीशी बसायच्या आणि बायजाबाईंच्या तोंडाकडे बघत राहायच्या. बायजाबाईंना डुलकी आली की कोपरानं ढोसायच्या. "जागी ऱ्हा गं, माझं पोरगं हाय तितं!"

तिसऱ्या दिवशी सकाळी बायजाबाईंना हिवताप भरला. दातावर दात वाजायला लागले, तेव्हा त्यांच्या मुलीनं त्यांना घरी नेलं. दाविदच्या नावाची चटई मोकळी पडली.

पाळकसाहेब म्हणाले, "मी पेठेतून कुणाला तरी घेऊन येतो. तोवर थांबा." ते ओट्यावरून उतरतायत तोच आत्याबाई उठल्या आणि चटईवर जाऊन बसल्या.

पाळकसाहेब दारातून परत आले. "सगुणाबाई, नियम माहीत आहे ना तुम्हाला?"

"हाय की."

"मग उठा."

"नियम तुमी ठिवा, पाळकसाब," आत्याबाई म्हणाल्या. "माझं पोरगं छपरावर हाय, आन त्येच्या मागं आज कुनी न्हाय. एक घटकाभर बसू द्या. तुमी माणूस आणा, मी उठते."

पाळकसाहेब काय बोलणार? चपला घातल्या आणि भराभर निघून गेले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट पाळकसाहेब उगीच ताणतायत असं वाटलं.

माझी चटई आत्याबाईंच्या शेजारी होती. बाकीचे डोळे मिटून होते. मला त्यांचं पुटपुटणं स्पष्ट ऐकू येत होतं. आधी 'आमच्या स्वर्गातल्या बापा' म्हणून झालं. मग त्या थांबल्या, आवाज खाली आणला आणि बाजारात भाजीवालीशी बोलावं तसं बोलल्या, "हे बघ. त्येच्यावर जे यील ते माझ्यावर घाल. सगळं घाल. त्येला नख लागू देऊ नगं. ठरलं."

'ठरलं' म्हणून त्यांनी तळहातावर तळहात आपटला.

त्यानंतर किती वेळ गेला सांगता येणार नाही. ऊन ओट्यावरून सरकून उंबऱ्याला लागलं होतं, भाकरीची वेळ टळून गेली होती. मी याकोबसाठी प्रार्थना करत होते, पण मन दाविदकडे पळत होतं. आणि शेजारी आवाज आला. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा.

डोळे उघडले तर आत्याबाई पुढे वाकलेल्या होत्या. मला वाटलं उपासानं चक्कर आली. मी हात पुढे केला — आणि दुसरा आवाज आला. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा डावा खांदा खाली गेला. कुणी वरून हाणल्यासारखा, एकदम. आत काहीतरी कडकन मोडलं. त्या "आई गं!" म्हणून ओरडल्या. खांद्यावरची चोळी फाटली नाही, तिचा दोरासुद्धा तुटला नाही. पण तिच्याखालून रक्त आलं आणि चोळीभर पसरलं.

सगळे उठले. कुणी म्हणालं फेफरं, कुणी म्हणालं पाणी आणा. तेवढ्यात तिसरा घाव पाठीवर बसला. बसला असंच म्हणते मी, कारण दुसरा शब्द नाही. म्हाताऱ्या बाईचं ते हलकं अंग चटईवरून पुढे फेकलं गेलं, तोंड फरशीवर आपटलं, दात पडला. तिच्या मागे कुणीही नव्हतं. मोकळी भिंत होती.

सकाळभर हिंडून पाळकसाहेब पेठेतून माणूस घेऊन आले ते याच वेळी. दारातच त्यांनी पाहिलं आणि ओरडले, "उचला तिला! चटईवरून उचला!"

मी आणि दोघी बायकांनी आत्याबाईंना धरलं. त्यांनी माझं मनगट पकडलं. त्या हातात असं बळ मी कधी पाहिलं नव्हतं. तोंड रक्तानं भरलं होतं तरी शब्द स्वच्छ आले.

"उचलू नगंस, पोरी. मला उचललंस तर त्येच्यावर पडंल."

माझे हात तिथेच थांबले. सांगते ना, मी शिकलेली, चमत्काराला हसणारी... पण त्या क्षणी मला एकच कळत होतं की तिकडे माझ्या नवऱ्याला कुणीतरी मारतंय आणि तो मार इथे पडतोय. एकीकडे नवरा, एकीकडे हे हातातलं म्हातारं माणूस. काय करायचं होतं मी? तुम्ही सांगा!

ठरवायची वेळ माझ्यावर आलीच नाही. पाळकसाहेब धावत आले, त्यांनी आत्याबाईंना लहान मुलीसारखं उचललं आणि बाहेर ओट्यावर नेलं. चटई आत राहिली, देऊळ मागे राहिलं. आम्हाला वाटलं, सुटलं. आणि लख्ख उन्हात, लिंबासमोर, पाळकसाहेबांच्या हातातच पुढचा घाव पडला. बरगड्यांवर. पाळकसाहेब हेलपाटून बसले. "देवा, देवा," एवढंच म्हणत राहिले. त्यांच्या पांढऱ्या अंगरख्यावर सगळं रक्त.

मी आत्याबाईंच्या अंगावर पडले. विचार करून नाही. त्यांना माझ्याखाली झाकून घेतलं, डोकं माझ्या छातीशी धरलं. म्हटलं, काय पडायचं ते आता माझ्यावर पडू दे. पडलं नाही हो! माझ्या पाठीला वाराही लागला नाही. आणि माझ्या अंगाखाली, माझ्या छातीला चिकटलेलं ते शरीर हबकत होतं. एकेक घाव मला आतून कळत होता. बरगडी मोडली ती माझ्या पोटाला टोचली. मी ओरडत होते, "मला मार, मला मार!" कुणाला म्हणत होते कोण जाणे.

मग आत्याबाईंनी मान वळवली. माझ्याकडे नाही, वर, माझ्या खांद्यावरून पलीकडे. तिथे कुणी उभं असावं तशी नजर. आणि दाविदला ताप आला की ज्या आवाजात बोलायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "ज्ञानबा, बास कर रं बाळा. दमलास."

त्यानंतर घाव पडला नाही.

ओट्यावर इतकी माणसं होती, सगळ्यांनी ते ऐकलं. ज्ञानबा नावाचं आमच्या मंडळीत कुणी नव्हतं, शेजारात नव्हतं, माझ्या सासर-माहेरात नव्हतं.

आत्याबाईंना घरी आणून खाटेवर ठेवलं, दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी पाहिलं आणि सरळ विचारलं, "कुणी मारलं?" खांद्याचं हाड, बरगड्या, पाठीवर काळेनिळे लांबट वळ. काठीचा मार आहे म्हणाले, काठीला लोखंडाच्या कड्या असाव्यात, कड्यांच्या खुणा कातडीवर उमटल्यात. मारणारा डावखुरा आहे, हेही म्हणाले. त्यांनीच चौकीवर निरोप धाडला.

मग फौजदार आला. त्यानं एक नजर आत्याबाईंकडे टाकली, एक माझ्याकडे.

"ही कोण?"

"सून," कुणीतरी म्हणालं.

"आणि मारताना सून कुठे होती?"

"अंगावर पडली होती, साहेब."

झालं! फौजदाराच्या डोळ्यांत दिवा लागला. सासूचं रक्त माझ्या पातळावर, गळ्यावर, केसांत. त्यानं माझा दंड धरून भिंतीशी लोटलं आणि छडी माझ्या गळ्याखाली टेकवली. "काठी कुठे टाकलीस?" पाळकसाहेब मध्ये पडले, सगळ्या बायका एका सुरात ओरडायला लागल्या. शेवटी खाटेवरून आत्याबाईच म्हणाल्या, "साहेब, तिला सोडा. तिच्या हातात तेवढी ताकद असती तर चहा ढवळला असता नीट." फौजदार हसला नाही, पण त्यानं मला सोडलं. ओट्यावरून पडून जखमी, असं काहीतरी लिहून घेऊन गेला.

दाविद दुसऱ्या दिवशी दुपारी आले. इंदापूरहून गुळाच्या ढेपा घेऊन येणाऱ्या लॉरीत बसून आले होते. त्यांना इकडचं काही माहीत नव्हतं. मी दारात त्यांच्याकडे बघतच राहिले. बंडी डाव्या खांद्यावर फाटून लोंबत होती, पाठीवर चिंध्या झाल्या होत्या. अंगावर ओरखडा नव्हता.

आत्याबाई डोळे मिटून पडल्या होत्या. पावलांवरून त्यांनी लेकाला ओळखलं. "ये," म्हणाल्या. "बंडी काढ."

"आई, काय झालं हे? कुनी केलं?"

"काढ म्हंते ना."

दाविदनी बंडी काढली आणि खाटेशी पाठ करून बसले. आत्याबाईंचा एकच हात हलत होता. तो त्यांनी लेकाच्या खांद्यावरून फिरवला, मग पाठीवरून, मग एकेक बरगडी चाचपली. डोक्याच्या केसांत बोटं घालून पाहिली.

"कुठं लागलं न्हाय?"

"न्हाय, आई."

"खरं सांग."

"आईशप्पत न्हाय."

"मग झालं," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी चहा मागितला. मी केला, मुद्दाम दोन चमचे साखर जास्त घालून, आणि बशीनं पाजला. दोन घोट घेतले. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "साखर कमी हाय." दिवे लागायच्या आत गेल्या. मी अजूनही चहा करताना कधीकधी मध्येच थांबते आणि मला रडू येतं.

तिकडची हकिगत दाविद आणि याकोबनी नंतर सांगितली. छपराचे वासे चढवून झाले होते. गुऱ्हाळाकडून दहा-पंधरा गडी आले. आधी दगड आले, याकोबचं कपाळ फुटलं. मृदंग फोडला, गाडी उलथली, बैलाचा पाय मोडला. फेरीतले सगळे रीतीप्रमाणे खाली बसले. दाविद वर होते, त्यांना पाय धरून खाली ओढलं आणि एक दांडगा गडी कड्यांची काठी घेऊन त्यांच्यावर तुटून पडला. डाव्या हातात काठी.

"मला वाटलं त्यो मुद्दाम भुईवर हाणतोय," दाविद म्हणाले. "काठीचा वारा लागत हुता. आवाज यायचा. बंडी फाटत हुती. मार लागतच नव्हता." ते बसून राहिले, त्या गड्याकडे बघत. एकाएकी गड्याच्या हातातून काठी गळाली. त्यानं कानांवर हात ठेवले आणि उसात पळत सुटला. त्याची ती तऱ्हा बघून बाकीचेही पांगले.

याकोबच्या कपाळाला टाके पडले. त्याच्या पाठराखणीला मी बसले होते, आणि माझं साधं डोकंही दुखलं नव्हतं. हा काय न्याय आहे, हे मला कुणी सांगावं.

महिन्याभरानं, बाजाराच्या दिवशी, दाविद देवळाच्या ओट्याजवळ बसून खिडकीचं लाकूड तासत होते. मी धान्य पाखडत होते. एक दांडगा माणूस फाटकाशी येऊन उभा राहिला, पटका काढून हातात धरलेला.

"हितं कोन म्हातारी मेली का?" त्यानं विचारलं.

दाविदनी मान वर केली. त्याला ओळखलं. हातात लाकूड तासायचा वाकस होता, तो घेऊनच उठले.

"तूच की रं त्यो."

"व्हय. मीच. ज्ञानबा माझं नाव."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं.

तो माणूस उभ्यानं बोलत राहिला. "म्या तुला मारत हुतो. दर घावाला म्हातारीचं वरडणं यायचं. तितं तर बाई न्हवती कुठं. मला वाटलं, कान बिघडलं. अजून जोरानं मारलं. मग ती माझं नाव घिऊन म्हनली, बास कर बाळा, दमलास. माझी आई मेल्याला लई वरसं झाली... तवापासून काठी धरली की हात उचलत न्हाय. बाजारात ऐकलं, हितं त्याच दिवशी..."

त्याला पुढचं बोलू दिलं नाही. दाविदनी त्याची मान धरली, ओट्याच्या कडेवर त्याचं डोकं दाबलं आणि वाकस उचलला. फेरीत कधी हात न उचललेला माझा नवरा. डोळे लाल, तोंडाला फेस. ज्ञानबानं अंग चोरलं नाही. मी हललेसुद्धा नाही. खरं सांगायचं तर, मला तो वाकस खाली यायला हवा होता.

वाकस वरच राहिला.

"घरी कोन हाय तुझ्या?" दाविदनी विचारलं.

"बायको. दोन पोरी."

"त्या आत्ता कुठं हायत?"

"घरी. स्वयपाक करत असतील."

दाविदच्या तोंडावरचा सगळा रंग गेला. त्यांनी ती धार पाहिली, मग रस्त्याकडे पाहिलं, जणू तिथून इंदापूर दिसतंय. "मारू कुनाला मग?" ते ओरडले. "कुनाला लागंल ह्ये? कुनाच्या अंगावर पडंल?" वाकस त्यांनी लिंबाच्या बुंध्यात असा हाणला की पातं अर्धं आत गेलं. मग ओट्यावर बसून रडले. आई गेल्यापासून रडले नव्हते.

पुढच्या वर्षी दाविद पुन्हा त्याच वस्तीवर जायला निघाले. छप्पर अर्धं राहिलं होतं. या वेळी त्यांच्या पाठराखणीला बसायला मंडळीतून एकही माणूस उठेना. बायजाबाई हात जोडून म्हणाल्या, मला लेकरंबाळं आहेत. कुणाला दोष द्यायचा? मला बसायचं होतं, पण बायकोला मनाई, आणि आता पाळकसाहेब त्या मनाईसाठी दारात आडवे झाले असते. दाविद म्हणाले, "कुनी नको. तसाच जातो."

सकाळी देऊळ उघडलं तर ओट्यावर ज्ञानबा. गळ्यात माळ, पायांवर धूळ. दाविदच्या मागे बसायला कुणी नाही, हे त्याला बाजारात कळलं होतं.

"त्येच्यासाठी मी बसतो," तो म्हणाला. "तुमचं मंतर मला येत न्हाईत. नुस्ता बसतो."

पाळकसाहेबांनी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना विचारलंसुद्धा नाही. आपल्या हातानं चटई टाकून दिली.

ज्ञानबा दिवसभर बसला. पाणी नाही, भाकरी नाही. पाठ ताठ, डोळे मिटलेले, आणि अंगरखा काढून बाजूला ठेवलेला. मी माझ्या चटईवरून दुसरं काही केलं नाही, त्याच्या उघड्या पाठीकडे बघत राहिले. तिथे वळ उठावा, रक्त यावं, हाडाचा तो कडकन आवाज माझ्या कानांनी ऐकावा... असं वाटत होतं. आणि लगेच वाटायचं, नको, म्हणजे तिकडे दाविदना कुणी मारतंय. दिवसभर या दोन गोष्टींत मी भरडले गेले.

काहीच झालं नाही. त्या दिवशी तिकडे छप्पर पुरं झालं, कुणी दगडसुद्धा मारला नाही, हे आम्हाला नंतर कळलं.

पुढे मी डॉक्टरांना विचारलं, पाळकांना विचारलं, पुण्याच्या एका प्रोफेसरांना विचारलं. कुणी 'शॉक' म्हणालं, कुणी 'कृपा' म्हणालं. मोडलेलं हाड मी स्वतः माझ्या पोटाशी अनुभवलंय, मला हे शब्द पुरत नाहीत. आणि आत्याबाईंच्या मुखात परक्या माणसाचं नाव कुठून आलं, याला तर कुणी हातच लावला नाही.

त्या संध्याकाळी दिवे लागले तेव्हा ज्ञानबानं डोळे उघडले. हात मागे नेऊन आपली पाठ चाचपली, मग खांदे, मग बरगड्या, एकेक. तळहात दिव्याजवळ नेऊन पाहिले. कोरडे होते. त्या एवढ्या दांडग्या माणसाचा चेहरा लहान पोरासारखा वाकडा झाला.

"बाई," तो मला म्हणाला, "माझ्यावर कायबी पडलं न्हाय. मग त्या म्हातारीवरच का?"

मी त्याचा अंगरखा उचलला आणि त्याच्या उघड्या पाठीवर घातला.